पार्श्वभूमी : ब्रायटनहून गावी गेलेली पत्रं

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४च्या अखेरीस ब्रिटिश फौजेतल्या हिंदी, म्हणजे भारतीय पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या आणि महिन्याभरात बेल्जियम-फ्रान्स सीमेवरच्या फ्लँडर्सच्या खंदकांत लढू लागल्या. जखमींना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेत. ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे घुमट-मिनारांचा जुना राजवाडा, त्या डिसेंबरात त्यांचं इस्पितळ झाला. हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, स्वयंपाकघरं वेगळी. या बडदास्तीची छायाचित्रं सरकारने हौसेने मिरवली. त्याच गावातल्या किचनर इस्पितळाला मात्र तारेचं कुंपण होतं, दारावर पहारा होता.

बरेचसे शिपाई निरक्षर. एकाने सांगायचं, शेजारच्या खाटेवरच्याने लिहायचं. पत्र गावी पोचलं की तिथेही कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. जिवलग मित्रांचं बोलणंही असं चारचौघांतच चाले. त्यात परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचं साहित्य टपालातून पलटणींत शिरेल, ही सरकारला धास्ती. म्हणून फ्रान्समधल्या बुलोन इथे कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखाली हिंदी टपालाचं सेन्सॉर कार्यालय बसलं. पत्रांतले निवडक उतारे इंग्रजीत करून त्यांचे अहवाल वर जात.

जखमींना सर्वांत मोठा घोर एकच होता : बरं झाल्यावर पुन्हा खंदकात पाठवणार का? ‘मी मजेत आहे’ या एका ओळीखाली पुष्कळ काही दडवलेलं असे. हिंदी शिपायांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणत किती संपली, किती उरली ते कळवायचं, ही युक्ती सेन्सॉरनेही ओळखली होती. जानेवारी १९१५मध्ये एका जखमीने लिहिलं की हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे; त्याला महाभारत आठवलं. शिपाई कविता लिहू लागले की हॉवेलना ते मन बिघडल्याचं लक्षण वाटे. कारकुनी डोळ्याने वाचलेलं दुःख असंच दिसणार, दुसरं काय!

मित्राला धीर देणारं पत्र म्हटलं की गोड शब्द डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते, ‘भरती होऊ नकोस’ हे इस्पितळातून गावी कळवणंही मैत्रीच होती, आणि ती अधिक जोखमीची.

मूळ पत्रं बहुतेक गेली, उरले ते अहवालातले उतारे. त्यांत मराठी आवाज क्वचितच येतो, कारण १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी फ्रान्समध्ये नव्हत्याच. त्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या कूत शहरातल्या शरणागतीत तुर्कांच्या कैदेत गेल्या.