ब्याण्णव म्हणजे निम्मं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा चाळीसगावला आमच्याकडे आला होता. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर मोबाइल घेऊन बसला. पडद्यावर एक ठेंगणा माणूस कुऱ्हाडीने एकच झाड तोडत होता, तोडतच होता. मी विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?"

"लाकडं तोडी ऱ्हायनू, मामा. आज ब्याण्णव लेव्हल व्हयनी."

"आणि शेवटची किती?"

"नव्याण्णव."

"मग संपलंच की! सातच राहिल्या."

त्याने मान वर केली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "नही मामा. ब्याण्णव म्हंजे निम्मं."

मी गणित शिकवतो. घातांक आणि भूमिती श्रेणी फळ्यावर किती वेळा मांडली असेल त्याची गणती नाही. वर्गात ती मुलांच्या अंगात भिनत नाही, आणि इथे हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा पोरगा तिचं सगळ्यात अवघड वैशिष्ट्य ओट्यावर बसून चार शब्दांत सांगत होता. मी वही-पेन आणायला आत गेलो.

खेळाचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. इंग्लंडमधल्या गोवर भावांनी २००१ मध्ये रूनस्केप सुरू केला. त्याचं २००७ सालचं जुनं रूप खेळाडूंच्या मागणीवरून २०१३ मध्ये पुन्हा आणलं गेलं आणि २०१८ पासून ते मोबाइलवरही चालतं. राक्षस, जादू, तलवारी, किल्ले असलेलं हे काल्पनिक जग आहे, आणि हजारो माणसं त्यात एकाच वेळी वावरत असतात. तुम्ही त्यातलं एक पात्र घेता आणि त्याला हळूहळू तयार करता. लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम, लोहारकाम अशी कौशल्यं असतात. प्रत्येक कामाचे अनुभव-गुण मिळतात आणि गुण साठले की पातळी वाढते.

पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला ८३ गुण लागतात. साध्या झाडाच्या एका ओंडक्याला २५ गुण, म्हणजे चार ओंडके तोडले की पातळी चढली. दोन मिनिटांचं काम. पन्नासाव्या पातळीपर्यंत एकूण १ लाख १ हजार ३३३ गुण लागतात. नव्याण्णवसाठी लागतात १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. आकड्याने अर्ध्या वाटेवर आलेला खेळाडू प्रत्यक्षात एक टक्काही चाललेला नसतो. ब्याण्णवाव्या पातळीचे गुण ६५ लाख १७ हजार २५३, म्हणजे भाचा म्हणाला तसं, अगदी निम्मे. राहिलेले निम्मे गुण मिळवायला यू जातीच्या झाडाचे, प्रत्येकी १७५ गुणांचे, ३७ हजार २४२ ओंडके तोडावे लागतात. आणि ९८ वरून ९९ वर जायची शेवटची एकच पायरी १२ लाख २८ हजार ८२५ गुणांची आहे. पहिलीपासून पंचाहत्तराव्या पातळीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकत्र केल्या तरी तेवढे गुण होत नाहीत.

हे आकडे कोणी मनाने बसवलेले नाहीत. त्यामागे एक सूत्र आहे आणि त्याचा गाभा असा: दर सात पातळ्यांनी पुढच्या पायरीची किंमत दुप्पट होते. सात पायऱ्यांत दुप्पट म्हणजे एका पायरीला साधारण साडेदहा टक्के वाढ. दुप्पट होत जाणाऱ्या बेरजेत शेवटचा टप्पा हा आधीच्या सगळ्या टप्प्यांच्या बेरजेएवढा असतो. १, २, ४, ८ यांची बेरीज १५ आणि पुढची संख्या १६. शेवटच्या सात पातळ्यांत निम्मा रस्ता उरतो तो याच कारणाने. ८५ वर उभा असलेला खेळाडू पाव वाटेवर असतो, हे तुम्ही आता कागद न घेता सांगू शकाल.

सूत्र बघितल्यावर मला खरा प्रश्न पडला तो असा, की खेळणाऱ्याला हा चढ जाणवत कसा नाही? माझ्या मते उत्तर त्या साडेदहा टक्क्यांत आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये दाखवलं, की हातातल्या वजनात झालेला फरक आपल्याला किलोंवर जाणवत नाही, प्रमाणावर जाणवतो. दोन किलो वांग्यांच्या पिशवीत पाव किलोची भर पडली तर हाताला लगेच कळतं. वीस किलोच्या पोत्यात तेवढीच वांगी टाकली तर कळत नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा त्याच प्रमाणात मोठी ठेवली, की माणसाला दर वेळी "मागच्यापेक्षा जरा जास्त" एवढंच वाटतं. चढ केवढा होता ते मागे वळून बघितल्यावर कळतं. शिवाय वरच्या पातळीवर हातही चालतो. चांगली कुऱ्हाड मिळते, एका ओंडक्याचे २५ ऐवजी १७५ गुण मिळतात. कमाई वाढते, पण किंमत तिच्यापेक्षा जोरात वाढत असते.

ही कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ निघाला. त्यात लढवय्याला वर चढायला २ हजार, मग ४ हजार, ८ हजार, १६ हजार असे अनुभव-गुण लागत. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांना एकत्र खेळता येणारं पहिलं शब्दमय जग संगणकावर उभं केलं. आजचे ऑनलाइन खेळ त्याच घराण्यातले.

दुपटीची गोष्ट निघाली आणि मला पाटणादेवी आठवली. चाळीसगावपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत. तिथल्या पाटण गावात १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, असं तो लेख सांगतो. आपल्या खानदेशच्या मातीत आठशे वर्षांपूर्वी गणिताची पाठशाळा चालत होती! ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला आणि 'लीलावती' हा त्याचाच भाग. लीलावतीत एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं. महिन्याभरात किती निष्क दिले? वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क.

मी आणि भाच्याने ते त्याच रात्री भास्कराचार्यांच्या रीतीने सोडवलं. रीत अशी: दिवस तीस. संख्या सम असेल तर निम्मी करायची आणि शेजारी 'वर्ग' लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून 'गुण' लिहायचं. ३० चे १५, १५ चे १४, १४ चे ७, ७ चे ६, ६ चे ३, ३ चे २, २ चा १, १ चं शून्य. आता खालून वर यायचं. एकापासून सुरुवात करून 'गुण' आला की दोनाने गुणायचं, 'वर्ग' आला की वर्ग करायचा. २, ४, ८, ६४, १२८, १६ हजार ३८४, ३२ हजार ७६८ आणि शेवटी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. तीस वेळा गुणण्याऐवजी आठ पावलांत काम झालं. या युक्तीचं बीज भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधी पिंगलाच्या छंदशास्त्रात आहे, आणि मोठे घात काढायला आजचे संगणक हीच वापरतात. मग त्यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणलं. उत्तर आलं २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्या.

भाच्याने आकड्याकडे पाहिलं आणि खेळातली आपली तिजोरी उघडून माझ्यासमोर धरली. "मामा, आठे एका जागी यान्हापेक्षा फक्त एक नाणं जास्त बसस."

ते खरं आहे. त्या खेळात नाण्यांच्या एका ढिगात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ नाणी मावतात. संगणक साधी पूर्णांक संख्या ३२ घरांत ठेवतो. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यातलं एक घर धन-ऋण ओळखायला जातं, उरतात ३१. एकतीस घरं एकांनी भरली की हीच संख्या होते. तिच्यात बेसावधपणे आणखी एक मिळवला तर हिशेब उलटून एकदम ऋण बाजूला जातो, म्हणून खेळ तिथे थांबवतो. त्याहून श्रीमंत माणसांसाठी हजार नाण्यांचं एक, अशी प्लॅटिनमची नाणी बँकेत बदलून मिळतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा २००४ सालचा खेळ. त्यात शंभर तांब्याची नाणी म्हणजे एक चांदीचं, शंभर चांदीची म्हणजे एक सोन्याचं. त्यात बरीच वर्षं कमाल रक्कम २ लाख १४ हजार ७४८ सोन्याची नाणी आणि वर थोडी चिल्लर अशी होती. तांब्याच्या नाण्यांत मोजली की तीच संख्या समोर येते. लीलावतीतलं उत्तर १ लाख ४ हजार ८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. चलन वेगळं, हिशेब तोच: सगळ्यात लहान नाण्यात साठवायचं आणि दाखवताना मोठ्या नाण्यांत दाखवायचं.

भास्कराचार्यांना संगणक माहीत होता असं यातून कोणी काढू नये. दोनापासून सुरू करून तीस दिवस दुप्पट केलं की बेरीज दोनाच्या ३१ व्या घातापेक्षा दोनाने कमी येते, आणि संगणकाची मर्यादा त्याच घातापेक्षा एकाने कमी आहे. दोघंही दुपटीच्या वाटेने गेले आणि शेजारी-शेजारी पोहोचले. मला तेवढ्यानेही भरून आलं.

मध्येच लाइट गेली. वायफाय बंद पडलं, भाचा निवांत. त्याचं पात्र, गुण, नाणी सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, मोबाइल ही नुसती खिडकी. या खेळाचं घड्याळही संथ आहे, सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा सगळ्या जगाचा हिशेब पुढे सरकवतो. त्यामुळे गावाकडच्या रेंगाळणाऱ्या नेटवरही तो चालून जातो.

लाकूडतोडीत कष्टाचं माप आधी ठाऊक असतं. भाच्याचं दुसरं काम तसं नाही. स्लेयर या कौशल्यात ८५ वी पातळी आली की अबिसल डेमन नावाच्या राक्षसांशी लढता येतं, आणि त्यांच्याकडून अबिसल व्हिप हा चाबूक मिळू शकतो. शक्यता ५१२ त एक. नऊ नाणी एकदम उडवली आणि नऊच्या नऊ छापा पडली, तर जेवढं नवल तेवढं हे.

इथे बहुतेक जण चुकतात. ५१२ राक्षस मारले की चाबूक मिळणारच, असं मनाला वाटतं. हिशेब सांगतो की शंभरातल्या जवळपास ३७ जणांना ५१२ नंतरही तो मिळालेला नसतो. १ हजार २४ नंतरही साधारण १३-१४ जण रिकामे असतात. उलट निम्म्या लोकांना तो ३५५ च्या आतच मिळून गेलेला असतो. सरासरी ५१२ येते ती थोड्या दुर्दैवी लोकांच्या लांबलचक आकड्यांमुळे. आणि राक्षसाला मागचं काही आठवत नाही. पाचशे मारून झाले तरी पुढच्याची शक्यता ५१२ त एकच. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, तेव्हा सलग हरलेला माणूस "आते तं मनाच डाव" म्हणत पैसे लावतो. पत्ते नीट पिसले असतील तर त्यांनाही मागचं आठवत नसतं. तिथे खिसा रिकामा होतो, म्हणून हा हिशेब मुलांना नाण्यांच्या खेळात कळलेला बरा.

माणूस तरीही चिकटून का राहतो, हे प्रयोगशाळेत चांगलं तपासलेलं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळणारं कबूतर दाणा मिळाल्यावर थबकतं, कितव्या टोचीला दाणा येईल याचा नेम नसलेलं कबूतर मात्र न थांबता टोचत राहतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल मोजली. त्यांचं आणि सहकाऱ्यांचं १९९७ मधलं मांडणं असं, की या पेशी बक्षिसाला तेवढ्या उसळत नाहीत जेवढ्या अनपेक्षित बक्षिसाला उसळतात. अपेक्षित बक्षीस चुकलं की त्या गप्प होतात. ५१२ त एक असलेला चाबूक कधीच पूर्णपणे अपेक्षित होत नाही.

ताईने फोनवर काळजीने विचारलं, याचं व्यसन लागलंय का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाचा विकार आहे. पण त्याची खूण तासांची नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. मी तिला हे तीन प्रश्न सांगितले. तिन्हींची उत्तरं तिने स्वतःच दिली आणि जरा निवळली.

भाचा आता जळगावला कॉलेजात परत गेलाय. लीलावतीचा हिशेब केलेल्या वहीतच तो प्रत्येक राक्षसाची रेघ मारतो. कालच्या फोटोत ७४० रेघा होत्या, चाबूक नाही. खाली समासात त्याने ५११ भागिले ५१२ चा ७४० वा घात काढला आहे, वर्ग आणि गुण लिहून, त्याच रीतीने. उत्तर ०.२३५. म्हणजे त्याच्यासारखे शंभरात २३-२४ जण.