घोळ सकाळी आंबट का लागते?

आमच्या घराच्या मागच्या कंपाउंडला लागून काळी माती आहे, मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांच्या कडेनं कुणी न लावता, कुणी पाणी न घालता घोळ ही रानभाजी पसरलेली असते. जाडसर गुळगुळीत पानं, लालसर देठ, जमिनीला अगदी चिकटून. गेल्या वर्षी मेमधे एकदा मी सकाळी सहालाच ती खुडून आणली, म्हटलं उन्हाच्या आधी काम उरकू, तर आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) निवडता निवडता एक पान तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "अगं आंबटढाण आहे की ही. घोळ संध्याकाळी खुडायची, ऊन उतरल्यावर."

मला वाटलं जुनी समजूत असेल. पण मग चार दिवस एकाच रोपाची दोन पानं सकाळी सहाला आणि दोन पानं संध्याकाळी सहाला खाऊन बघितली, आणि फरक अगदी सरळ जिभेला कळत होता. सकाळी कैरीच्या सालीसारखी, संध्याकाळी मवाळ, थोडी खारट. तिथनं माझं वाचन सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही.

तर आत्यांचं बरोबर होतं. झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो पानावरच्या बारीक बारीक तोंडांतनं आत येतो, पर्णरंध्रं म्हणतात त्यांना, पण अडचण अशी की तोंड उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन बाहेर पडतं. आता सांगलीतली मे महिन्यातली दुपार, जमिनीत ओल नाही, अशात तोंड उघडं ठेवलं तर झाड तासाभरात माना टाकेल. घोळ काय करते, पाणी कमी पडलं की दिवसा तोंडं मिटून घेते आणि रात्री गारव्याला उघडते. रात्री ऊन नसतं, त्यामुळं आलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून लगेच साखर करता येत नाही, मग ती तो मॅलिक ॲसिडच्या रूपात पानात साठवते. सफरचंदाचा आंबटपणा असतो ना, तेच हे आम्ल. रात्रभर साठत साठत पहाटेपर्यंत पान आम्लानं भरलेलं असतं आणि मग दिवसभर तोंड बंद ठेवून ऊन वापरून ती तेच आम्ल मोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड वापरते, म्हणून संध्याकाळी आंबटपणा उतरलेला.

या पद्धतीला वनस्पतीशास्त्रात 'कॅम' म्हणतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे याची एक जुनी आणि महत्त्वाची नोंद आपल्याच देशातली आहे आणि तीही जिभेवर झालेली आहे. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होता, त्यानं पानफुटीची पानं चाखली (पानफुटी म्हणजे तीच, जिच्या पानाच्या कडेला नवी रोपं फुटतात, आपल्याकडं निम्म्या घरांच्या कुंडीत असते) आणि लंडनच्या लिनिअन सोसायटीला कळवलं की हे पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळी कडसर. ते 1815 मधे छापून आलं. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, एक माणूस दिवसातनं तीनदा पान खातोय आणि लिहून ठेवतोय! मी चार दिवस जे केलं तेच की.

पण घोळ पानफुटीच्याही पुढची आहे. आपला ऊस, मका, शाळू ही पिकं उन्हात जोरात वाढतात कारण त्यांची कार्बन पकडायची पद्धत वेगळी आणि फार कार्यक्षम असते, तिला 'सी-4' म्हणतात. कॅम पाणी वाचवते पण वाढ हळू होते, सी-4 वाढ जोरात देते. बहुतेक झाडांकडं दोन्ही नसतात, काहींकडं यातली एक असते, आणि दोन्ही असणारी झाडं अगदी मोजकी. घोळीकडं दोन्ही आहेत, पाणी असताना उसासारखी वागते आणि पाणी तुटलं की त्याच्या जोडीला कॅम सुरू करते. 2022 मधे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की या दोन्ही पद्धती पानातल्या वेगवेगळ्या भागात चालत नाहीत, त्याच त्या पेशींमधे एकमेकींत गुंफलेल्या आहेत. दुष्काळातही भरघोस वाढणारी पिकं करायची तर घोळीकडनं शिकायला हवं असं त्यांना वाटतंय, आणि आपल्या दुष्काळी जत-आटपाडीकडं बघितलं की ते किती मोलाचं आहे ते कळतं. आपण मात्र तिला तण म्हणून उपटून बांधावर फेकतो.

आता हे घड्याळ फक्त घोळीलाच आहे असं नाही. प्रत्येक पानाला आहे. दिवसभर उन्हात पान साखर बनवतं, म्हणून संध्याकाळच्या पालकात, मेथीत साखर जास्त असते, पण दिवसभरात पाणी उडालेलं असल्यानं पान जरा मलूल असतं. रात्री मुळं पाणी चढवत राहतात आणि सकाळी पान टरटरीत होतं. म्हणून कोशिंबिरीत कच्ची घालायची पानं मी सकाळी खुडते आणि शिजवायची भाजी संध्याकाळी. आधी हे असंच हाताला लागलेलं होतं, कारण नंतर कळलं.

आणि खुडल्यावर ते घड्याळ थांबत नाही, हे तर मला माहीतच नव्हतं. 2013 मधे अमेरिकेतल्याच राइस विद्यापीठात जॅनेट ब्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला कोबी घेतला, कापलेला, मुळं नसलेला, आणि त्याला बारा तास उजेड बारा तास अंधार असं ठेवलं. तर त्या कोबीतली किडींना पळवणारी द्रव्यं रोजच्या रोज ठरल्या वेळी वाढत होती आणि कमी होत होती, म्हणजे कोबीला दिवस-रात्र कळत होती. पालक, गाजर, रताळं यांच्यातही असंच लयीत चालणारं वागणं दिसलं. आपण ज्याला 'आणलेली भाजी' म्हणतो ती जिवंत असते, फ्रिजच्या अंधारात ठेवली तरी.

जिवंत आहे म्हणजे श्वास घेतेय. श्वासासाठी साखर जळते, नवीन साखर बनवायची सोय तर राहिलेली नसते, म्हणजे साठा नुसता खर्च होत जातो. हवा 10 अंशांनी तापली की हा खर्च दुप्पट-तिप्पट वेगानं होतो. मधुमक्याचं कणीस 30 अंशात दिवसभर राहिलं की निम्म्याहून जास्त साखर गेलेली असते, काही श्वासात आणि बरीचशी पिठूळ स्टार्चमधे बदलून, आणि तेच बर्फाइतक्या गारव्यात ठेवलं तर फार थोडी जाते. परसातलं कणीस आणि गाड्यावरचं कणीस यात जो गोडीचा फरक लागतो तो मनाचा खेळ नाही, ती खरंच साखर आहे. आमच्याकडं आता आधी चुलीवर पाणी उकळत ठेवतात आणि मग मुलगा कणीस मोडायला पळतो.

श्वास रोखून माल टिकवायची विद्या आपल्या सांगलीला नवी नाही, हरिपूरची पेवं हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तिथल्या घट्ट मातीत खोल विहिरीसारखा खड्डा घ्यायचा, आत हळद किंवा धान्य भरायचं आणि तोंड बंद करून वरनं माती टाकायची. आत जे काही जिवंत आहे, दाणे, किडे, बुरशी, ते सगळे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो, मग किडीलाच जगता येत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत ते याचसाठी, आतली हवा माणसालाही घातक असते. 2005 च्या महापुरात यातली कितीतरी पेवं गेली. सांगलीच्या हळदीला 2018 मधे जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं याचा आनंद आहेच, पण पेवं गेली याचं मला फार वाईट वाटतं.

मग सगळंच गारठ्यात ठेवावं का? टोमॅटो ठेवू नका. 2016 मधे फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिकलेला टोमॅटो 5 अंशाला आठवडाभर ठेवला की वास आणि चव तयार करणारी जनुकं मंदावतात, आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी गेलेला वास पूर्ण परत येत नाही. गोडी आंबटपणा तोच राहतो, टोमॅटोपण जातं. आमचे टोमॅटो टोपलीत ओट्यावर असतात.

स्वयंपाकघरातही वेळेचाच खेळ आहे. पालेभाजी शिजताना तिच्यातली आम्लं सुटतात, ती हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकावून लावतात आणि भाजी शेवाळी रंगाची होते. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत उतरवली तर यातली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर जातात आणि रंग टिकतो, चिंच-टोमॅटो घालायचे तर शेवटी. सोडा घालून रंग हिरवागार राहतो खरा पण भाजीचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वं जातात, ते करू नका. लसूण ठेचला की लगेच तेलात टाकू नका, दहा मिनिटं थांबा, ठेचल्यावर दोन वेगळ्या ठिकाणची द्रव्यं एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं, लगेच तापवलं तर ते नीट होत नाही. खरड्यालाही हेच लागू.

घोळीचं थोडं जास्त सांगते. तिच्या 100 ग्रॅम ताज्या पानांत साधारण 300 ते 400 मिलिग्रॅम ओमेगा-3 प्रकारचं तेल असतं, पालेभाजीच्या मानानं हे भरपूर आहे. पण तिच्यात ऑक्झलेटही बरंच असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. आत्या ती ताकात करतात, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून घालतात, वर लसणाची फोडणी आणि चिमूटभर चटणी (आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला). ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. अळूच्या फदफद्यात, चाकवतात ताक का घालतात त्यामागं चवीबरोबर हेही आहे असं मला वाटायला लागलंय.

मी पुण्यात 14 वर्षं नोकरी केली. रविवारी भाजी आणायची, डब्यांत भरून ठेवायची, शुक्रवारी त्यातलं अर्धं पिवळं पडलेलं असायचं आणि मी पण तशीच असायचे. सकाळ कधी झाली आणि रात्र कधी झाली ते ऑफिसच्या काचांतनं कळायचं नाही. पगार चांगला होता, लोकही चांगले होते, पण आपण कशासाठी पळतोय ते सांगता येत नव्हतं. सांगलीला आल्यावर अर्धवेळ काम घरनं करते, पैसे निम्मे झाले, हे लपवण्यासारखं नाही आणि सगळ्यांना जमेल असंही नाही. पण संध्याकाळी पाच वाजले की लॅपटॉप मिटून मागच्या दारी जाते, न्हाणीच्या पाण्यावरचं अळू, कढीपत्ता, दोन वाफे मेथी-शेपूचे, शेवगा, आणि त्या दिवशी जे तयार असेल त्यावरनं रात्रीची भाजी ठरते. अर्धा तास, फार तर पाऊण तास. आत येते तेव्हा डोकं शांत झालेलं असतं.

यावरही अभ्यास झालाय. नेदरलँड्समधे 2011 मधे प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 30 हौशी बागकाम करणाऱ्यांना आधी एक ताण देणारं काम दिलं, एका रंगाचं नाव दुसऱ्याच रंगाच्या शाईत लिहिलेलं, त्या शाईचा रंग पटापट सांगायचा, आणि मग निम्म्या लोकांना अर्धा तास बागेत काम आणि निम्म्यांना अर्धा तास आत बसून वाचन. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्ही गटांत उतरलं पण बागेतल्या लोकांचं जास्त उतरलं, आणि त्यांचा मूडही पूर्ववत झाला, वाचणाऱ्यांचा नाही झाला. 30 माणसं म्हणजे थोडीच आणि तीही आधीपासून बागेची आवड असलेली, त्यामुळं यावरनं सगळ्या जगाबद्दल बोलू नये. माझ्यापुरतं मात्र ते तंतोतंत जुळतं, त्यात अर्धा तास हा आकडासुद्धा.

मेच्या शेवटी वळीव आला. दुपारी आभुट आलं, वारं सुटलं आणि मग टपोरे थेंब, मातीचा वास सगळ्या घरात. त्या वासातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात, आणि लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. 2020 मधे असं दिसून आलं की हा वास मातीतल्या उड्या मारणाऱ्या बारीक जिवांना बोलावतो, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन सगळीकडं पसरवतात. आत्या दारात उभ्या राहून नुसत्या श्वास घेत होत्या.

नंतर दोन-तीन दिवस पाऊस झाला, भेगा बुजल्या, घोळ फोफावली. आठवड्यानं मी परत सकाळी सहाला एक पान तोडून खाल्लं. आंबटपणा जवळजवळ नव्हताच, संध्याकाळच्या पानासारखंच लागलं. पाणी मिळालं होतं, रात्री साठवून ठेवायची गरज उरली नव्हती. मी धावत आत गेले आणि आत्यांच्या हातावर पान ठेवलं. त्यांनी चावलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आता कधी पण खूड, पाणी लागलंय तिला."

त्या दिवशी घोळ सकाळीच खुडली.