सर (शब्द)

‘सर’ हा मराठीतील दोन अक्षरी शब्द वस्तुतः एक नसून, निरनिराळ्या वाटांनी आलेले अनेक शब्द एकाच उच्चारात येऊन मिळालेले आहेत. 1948 पर्यंत निजामी दप्तराची भाषा उर्दू असलेल्या आणि कन्नड व तेलुगू मुलखाला लागून असलेल्या मराठवाड्यात ही सरमिसळ अधिक जाणवते.

देशी अर्थ लिंगावरून काही अंशी ओळखू येतात. पावसाची सर स्त्रीलिंगी असून तिचे मूळ ‘सृ’ (सरकणे, वाहणे) या संस्कृत धातूकडे नेले जाते. मोत्यांचा सर मात्र पुल्लिंगी. ‘चुलीवरच्या भाकरीची सर गॅसवरच्या भाकरीला येत नाही’ या वाक्यातील ‘सर’ म्हणजे बरोबरी, आणि तिचा संबंध संस्कृत ‘सदृश’, प्राकृत ‘सरिस’ यांच्याशी जोडतात. उमरग्याकडे कानावर पडणारे कन्नड ‘सरी’ आणि धर्माबादेकडचे तेलुगू ‘सरे’ हे होकारार्थी शब्द अर्थाने याच्या जवळचे आहेत.

फारसी ‘सर’ म्हणजे डोके. ते संस्कृत ‘शिरस्’चे सख्खे भावंड होय. सरदार, सरकार, सरहद्द हे शब्द त्यातून आले. ‘सरपंच’मध्ये तर फारसी डोके देशी पंचांवर बसले आहे. 1633 मध्ये मोगलांनी दौलताबादचा किल्ला ‘सर केला’, हा वाक्प्रचारही याच घराण्यातला. निजामाच्या खासगी मुलखाचे नाव ‘सर्फ-ए-खास’ मात्र यात मोडत नाही. तेथे अरबी ‘सर्फ’ (खर्च) आहे आणि ‘सराफ’ त्याच धातूपासून झाला आहे. थोडक्यात, सराफाच्या दुकानात सोन्याचा सर मिळतो, पण ‘सराफ’ या शब्दात तो नाही.

इंग्रजी ‘सर’ लॅटिन ‘सीनियर’ (अधिक वडील) या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग (1829–1883) यांच्या नावात दोन्ही परके ‘सर’ शेजारी बसले आहेत, कारण ‘सालार’ हे ‘सरदार’चेच प्राचीन इराणी रूप झिजून झालेले आहे. किताबाचा ‘सर’ नावाआधी येतो. शाळांतून ‘गुरुजी’ मागे पडून रूढ झालेला ‘सर’ आडनावानंतर येतो, जसे ‘जाधव सर’.