दाजी एक टीबीवर भाळले होते: रॅम कुठली, स्टोरेज कुठलं

"पाव्हणं, एक इचारतो." दाजींचा फोन, मागे दुकानातली गडबड. "दोन लॅपटॉप काढून ठेवल्यात. एक आठ-एकटीबी, दुसरा सोळा-पाचशेबारा. किंमत दोन्हीची जवळजवळ सारखीच. मग मेमरी डबल असलेलाच घ्यायचा न्हवं?"

"दाजी, पैसे देऊ नका. मी येतोय," म्हटलं आणि गाडीला किक मारली. कोल्हापुरात शाहूपुरीतून राजारामपुरीत पोचायला कितीसा वेळ लागतो! भाच्याला यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय, कॉम्प्युटर शाखा. चार वर्षं टिकणारा लॅपटॉप हवा. आणि दाजी निघाले होते नेमका उलटा घ्यायला: रॅम आठ जीबी आणि स्टोरेज एक टीबी, म्हणजे साधारण हजार जीबी. दुसऱ्यात रॅम सोळा जीबी, स्टोरेज ५१२.

खरं तर दाजींची चूक नाही. सगळा घोळ 'मेमरी' या शब्दाने घातलाय. आपल्याकडे हा शब्द रुळला तो मोबाइलच्या मेमरी कार्डाबरोबर. कार्ड घ्यायचं, दुकानातून गाणी भरून आणायची, जागा संपली की 'मेमरी फुल'. त्यामुळे मेमरी म्हणजे ठेवायची जागा हे डोक्यात पक्कं बसलं. कॉम्प्युटरच्या भाषेत मात्र मेमरी म्हणतात ती रॅमला, म्हणजे चालू काम मांडायच्या जागेला. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा: 'मेमरी' या नावाखाली दिसतो तो आकडा रॅमचा, आणि ठेवायची जागा तिथे 'डिस्क' म्हणून वेगळी असते. त्यात भर म्हणजे दोन्ही गोष्टी जीबीतच मोजतात. काउंटरच्या अलीकडे शब्दाचा एक अर्थ, पलीकडे दुसरा, आणि मध्ये गिऱ्हाईक.

दुकानात पोचल्यावर दाजींना म्हटलं, चप्पल लाईनीतलं एखादं दुकान डोळ्यांपुढे आणा. वर माळा, त्यावर शेकडो जोड रचलेले. खाली बाकड्यापुढे थोडी मोकळी फरशी. गिऱ्हाईक आलं की पोरगं माळ्यावरून आठ नंबरचे पाच-सहा जोड काढतं आणि फरशीवर मांडतं. घालून बघणं, वाकवून बघणं, घासाघीस, सगळं त्या फरशीवर. माळा म्हणजे स्टोरेज, म्हणजेच एसएसडी. फरशी म्हणजे रॅम. माळा कितीही मोठा केला म्हणून खाली एका वेळी चारापेक्षा जास्त गिऱ्हाइकं बसत नाहीत. आणि फरशी ऐसपैस असली तरी माळ्यावर माल नसेल तर मांडणार काय?

लॅपटॉप 'हँग होतो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा फरशी भरलेली असते. क्रोममध्ये वीस टॅब, एका बाजूला ऑनलाइन लेक्चर, मागे अँटिव्हायरस. नवीन काही मांडायला जागा नाही, मग पोरगं फरशीवरचे दोन जोड उचलून माळ्यावर ठेवतं आणि नवे दोन खाली आणतं. तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक म्हणतं, मघाचाच जोड दाखव. पुन्हा शिडी. कॉम्प्युटरही हेच करतो, रॅममध्ये न मावणारी माहिती एसएसडीवरच्या एका राखीव फाइलमध्ये ढकलतो आणि लागली की परत आणतो. आपल्याला दिसतं ते फक्त गोल गोल फिरणारं चक्र.

उपमा एका ठिकाणी लंगडते, तेही सांगतो. कॉम्प्युटरमध्ये माळ्यावरचा जोड खाली येत नाही, त्याची नक्कल येते. मूळ फाइल जागेवरच राहते. फरशीवर नव्याने जे घडतं ते मात्र फक्त तिथेच असतं. समजा कारागिराने गिऱ्हाइकाच्या पायाचं माप खडूने फरशीवरच काढलं आणि वहीत उतरवून घ्यायचं राहिलं. संध्याकाळी झाडू फिरला की माप गेलं. 'सेव्ह' करणं म्हणजे ते वहीत उतरवणं. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला, तासभर केलेली असाइनमेंट गेली, आणि डिस्कवर तर चारशे जीबी मोकळे होते! मोकळे होते, पण असाइनमेंट तिथे पोचलीच नव्हती.

हे असं का होतं याचं उत्तर चिपच्या आत आहे. रॅममधला एकेक बिट (शून्य की एक, एवढीच माहिती) म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमध्ये भरलेला विद्युतभार. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना १९६६ साली सुचली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. हा भार पाझरणाऱ्या माठासारखा सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा गेला आणि माठ रिकामा. एसएसडीतली फ्लॅश चिप वेगळी. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. तिच्यात इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांच्या मध्ये कोंडलेले असतात, त्यामुळे वीज नसली तरी वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. मात्र कोंडायला आणि सोडायला वेळ लागतो.

तो वेळ किती? रॅममधली माहिती उचलायला शंभरेक नॅनोसेकंद लागतात (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या चांगल्या एसएसडीला त्याच्या साधारण हजारपट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. दुकानाच्या हिशेबात सांगायचं तर समोरचा जोड उचलायला एक सेकंद लागत असेल, तर एसएसडीच्या माळ्यावरचा यायला सतरा मिनिटं, आणि हार्ड डिस्कवरचा हवा असेल तर गिऱ्हाइकाला सांगावं लागेल, उद्या या.

पूर्वी या दोन वस्तू हातात घेतल्या तरी ओळखू यायच्या. हार्ड डिस्क जड, आत तबकडी फिरायची, कान लावला तर घरघर. रॅम म्हणजे चिप्स लावलेली पट्टी. आता एसएसडीही तशीच पट्टी झाली, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. रॅमची पट्टी तिच्याहून थोडी आखूड आणि रुंद. नवख्याच्या तळहातावर दोन्ही ठेवल्या तर तो बुचकळ्यात पडणारच.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि दुकानातल्या पोरानेही तो घेतला: "पण सर, एसएसडी टाकली की जुना लॅपटॉप पळतो की!" पळतो. माझाच पळाला होता. चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप सुरू करून मी चहा करून यायचो, तरी तो तयार नसायचा. एसएसडी बसवली आणि अर्ध्या मिनिटात उघडायला लागला. त्या आनंदात मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलो की वेग स्टोरेजने वाढतो. पण मोठ्या फाइलची दोन कामं एकदम उघडली की तो परत अडखळायचाच. एसएसडीने शिडीच्या जागी लिफ्ट बसवली होती, फरशी तेवढीच होती. आणि आज मुद्दा असा की नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असतेच. ५१२ची एसएसडी काढून एक टीबीची घेतली म्हणून जाणवेल असा फरक वेगात पडत नाही. माळा मोठा झाला, लिफ्ट तीच.

आता कुणाला किती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज आहे. पण 'किमान' म्हणजे उघडेल एवढंच. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर टॅली, जीएसटीचं रिटर्न आणि व्हॉट्सॲप चालवायचं असेल तर ८ जीबी रॅम आणि ५१२ची एसएसडी पुरे, त्यावर पैसे घालू नका. भाच्याचं तसं नाही. अँड्रॉइड स्टुडिओ हे मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या पोटात चालणारा अख्खा मोबाइल, शेजारी ब्राउझर. इथे १६च्या खाली जाऊ नये. शिरोलीच्या फाउंड्रीसाठी पॅटर्नची थ्रीडी मॉडेलं करणाऱ्यालाही १६ ही सुरुवात धरावी. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला दोन्ही जास्त लागतं, पण त्याला ते माहीत असतं.

दाजींचा पुढचा प्रश्न रास्त होता: "आत्ता आठ घेऊ, पुढं वाढवू की." सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढे बदलता येते, नाहीतर बाहेरची डिस्क लावता येते, यूएसबीला जोडली की झालं. बाहेरून लावायची रॅम मात्र नसते. आणि हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) असते. माहितीत रॅमचा प्रकार एलपीडीडीआर असा लिहिला असेल तर ती सोल्डर केलेलीच समजा, अपवाद अगदी मोजके. साधं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर स्लॉट, म्हणजे पट्टी खोचायची जागा, असण्याची शक्यता आहे, पण एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. शिवाय 'पुढं स्वस्त होईल' हा भरवसाही राहिलेला नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी फरशीवर घाला, माळा नंतर वाढवता येतो.

स्लॉट आहे की नाही हे डब्यावर शोधत बसू नका. दुकानातला नमुना चालू असतोच. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' निवडा. 'स्लॉट्स यूज्ड' पुढे १ ऑफ २ दिसलं तर एक जागा मोकळी असायला हवी. त्याच्या शेजारी 'फॉर्म फॅक्टर' असतं. तिथे 'सोडिम' म्हणजे काढता येणारी पट्टी, 'रो ऑफ चिप्स' म्हणजे सोल्डर. आम्ही दोन्ही लॅपटॉपवर पाहिलं. आठ-एकटीबीवर 'रो ऑफ चिप्स' होतं. म्हणजे दाजी तो घेऊन गेले असते तर चार वर्षं आठवरच राहिले असते.

तिथेच आणखी दोन गोष्टींवरून वाद होतात, म्हणून पटकन सांगतो. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते आणि लोक दुकानदाराशी भांडतात. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत, म्हणून आकडा घटतो. मालात खोट नाही. उरलेल्यातही थोडी जागा रिकव्हरीसाठी बाजूला असते. आणि ८ जीबी रॅमच्या काही लॅपटॉपमध्ये वापरायला ५.९ जीबीच दिसते, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तर ग्राफिक्सचा भाग स्वतःचा वाटा रॅममधून आधीच काढून घेतो. फरशीचा एक कोपरा आरशाने अडवावा तसं. आठ जीबी न घेण्याचं हे आणखी एक कारण.

सगळ्यात चलाख प्रकार मोबाइलच्या काउंटरवर पाहायला मिळतो. '१६ जीबी रॅम' असं मोठ्या अक्षरांत, खाली बारीक '८ + ८'. दुसरे ८ म्हणजे व्हर्च्युअल रॅम, म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमच्या नावाने वापरलेला. माळ्याच्या कोपऱ्यात चटई अंथरून तिला फरशी म्हणायचं. सोय म्हणून वाईट नाही, पण तिचा वेग माळ्याचाच, आणि ठेवायची जागा तेवढी कमी होते ती वेगळीच. लॅपटॉपच्या बाबतीत अगदी स्वस्तातल्या मॉडेलांवर नजर ठेवा. तिथे एसएसडीच्या जागी ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते. ती एसएसडीहून बरीच मंद, बोर्डावर पक्की बसवलेली, आणि ६४ असेल तर विंडोजचं मोठं अपडेट घ्यायलाच अनेकदा जागा पुरत नाही.

दाजींनी सोळा-पाचशेबारा घेतला. भाच्याचा चेहरा थोडा पडला, एक टीबीत गेम किती मावतील याचा त्याने आधीच हिशेब मांडला होता. त्याला सांगितलं, आत एसएसडीचा दुसरा स्लॉट मोकळा आहे, दिवाळीत बघू. दाजी म्हणाले, "मामाकडनं."

पोराने बिल आणून दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'लॅपटॉप १ नग, मेमरी ५१२'. दाजींनीच ते त्याच्यासमोर सरकवलं. "ह्यात रॅम कुठली आणि माळा कुठला, ते येगळं लिव्ह." पोरगं गोंधळून माझ्याकडे बघायला लागलं. मी त्याला मॉडेल नंबर, सीरियल नंबर, रॅम १६ आणि एसएसडी ५१२ असं सगळं वेगवेगळं लिहायला सांगितलं. वॉरंटीत बोर्ड किंवा एसएसडी बदलायची वेळ आली, तर हाच कागद दाखवावा लागतो.