उभ्या घोड्याचे स्कॅनिंग

घोड्याला पूर्ण भूल न देता, फक्त गुंगीचे इंजेक्शन देऊन, तो चार पायांवर उभा असतानाच त्याचा एमआरआय, सीटी किंवा हाडांचा स्कॅन काढण्याची पद्धत. मुख्य उपयोग लंगडण्याचे नेमके कारण शोधण्यासाठी. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव व पाचगणीचे टेबललँड येथे पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांवर अनेक घरे चालतात. तिथे घोडा लंगडला की त्या दिवसाची कमाई बुडालीच.

भूल का टाळायची? पोटशूळ वगैरे नसलेल्या घोड्यांतही पूर्ण भुलेनंतर शंभरात सुमारे एक दगावतो. चारपाचशे किलोचे धूड बराच वेळ आडवे राहिले की खालच्या अंगाच्या स्नायूंना रक्त कमी पडते, फुप्फुसे दबतात. पण खरे घोडे पेंड खाते ते शुद्धीवर येताना. पळणे हाच ज्याचा बचाव, तो प्राणी अर्धवट शुद्धीतच उठायला धडपडतो, आणि त्यात कधी पाय मोडतो.

गुंगीसाठी डेटोमिडिनसारखे औषध, बहुधा ब्युटोर्फॅनॉल या वेदनाशामकाच्या जोडीने, शिरेतून देतात. काही मिनिटांत मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो. घोडा उभा असतो, पण डुलतो. हे डुलणेच स्कॅनचा शत्रू. त्यासाठी प्रतिमेतली हालचाल दुरुस्त करणारी संगणकप्रणाली वापरतात.

उभ्याने करायच्या एमआरआयचे चुंबक उघडे असते आणि जमिनीलगत खुराभोवती बसते. त्याची ताकद सुमारे ०.२७ टेस्ला, माणसांच्या दवाखान्यातले यंत्र बहुधा १.५ टेस्लाचे. चित्र त्यामुळे थोडे कमी रेखीव, तरी खुराच्या आतले होडीच्या आकाराचे नेव्हिक्युलर हाड आणि त्यामागची स्नायुरज्जू, जे एक्स-रेत पुरते उमगत नाही, ते यात दिसते. आधी नाल काढावी लागते. तुटलेल्या खिळ्याचा तुकडा खुरात राहिला तर चित्रावर काळा डाग पडतो, म्हणून अगोदर एक्स-रे काढून खात्री करतात.

सीटी डोक्यासाठी, म्हणजे दाढांची मुळे व सायनस यांसाठी, फार सोयीचा. हाडांच्या स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ, ६ तासांचे, पण लघवीतून किरणोत्सर्ग येत असल्याने घोडा वेगळ्या तबेल्यात ठेवतात. शर्यतीच्या घोड्यांसाठी उभ्याने पेट (पीईटी) स्कॅनही निघाला; त्यातही किरणोत्सर्गी द्रव्य टोचूनच चित्र घेतात. २०१९च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील सांता अनिता रेसकोर्सवर असे यंत्र बसले.

मर्यादा ठळक आहेत. उभ्याच्या एमआरआयमध्ये गुडघ्याच्या वरचे काही बसत नाही. एका वेळी दिसतो तो भागही लहान, म्हणून दुखते कुठे हे आधी शोधावे लागते. त्याची रीत जुनीच: खुराच्या मज्जातंतूजवळ बधिरतेचे इंजेक्शन देऊन घोडा पुन्हा चालवायचा. लंगडणे थांबले तर दुखणे त्याखाली. ही पायरी गाळून केलेला स्कॅन म्हणजे पैसे पाण्यात.

गुंगी पुरती उतरेपर्यंत वैरण देत नाहीत. घास अन्ननलिकेत अडकतो.