व्हाइस: टेबलावरचा आणि अंगातला

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरचं इंजिन खोलणाऱ्या मेकॅनिकला ‘व्हाइस’ कुठंय विचारलं, तर तो टेबलाच्या कडेला बसवलेल्या, काम करताना वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या लोखंडी जबड्याकडे बोट दाखवेल. आखातात बोटीने हापूस धाडणाऱ्याच्या विमा पॉलिसीतही तोच शब्द येतो. तिथे लोखंडाचा काही संबंध नाही. स्पेलिंग एकच, व्ही-आय-सी-ई. कुळं मात्र वेगळी.

टेबलावरचा व्हाइस आला ‘वीटिस’पासून, म्हणजे लॅटिनमधली द्राक्षवेल. वेलीचा तणावा पिळे घेत जातो तसे स्क्रूचे आटे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘विस’ म्हणजे स्क्रूच. या हत्याराचा जीवही आट्यांतच असतो आणि खाऱ्या हवेत आधी तेच गंजून अडकतात. म्हणून पावसाळ्याआधी पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढून, आटे ब्रशने घासून ग्रीस लावावं. माप जबड्याच्या रुंदीवरून सांगतात: 100, 125, 150 मिमी. पितळी बुश धरताना जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या चढवायच्या, नाहीतर दातांचे वळ उठतात. जोर लागावा म्हणून हँडलला पाइप जोडू नये. अंग बिडाचं असेल तर ते वाकत नाही, थेट तडकतं. अमेरिकन कॅटलॉगमध्ये हे हत्यार सीऐवजी एसने लिहितात. सोय त्यांचीच बरी.

दुसरा व्हाइस ‘विटियम’चा: दोष, खोट. जुगार-दारूला लागतो तो हाच. (व्हाइस चेअरमनमधला तिसऱ्याच घरचा, ‘च्या जागी’ अशा अर्थाचा, उपाध्यक्षांनी मनाला लावून घेऊ नये.) पण दुर्गुण एवढाच अर्थ धरला की विम्याचा कागद चुकतो. तिथला ‘इन्हेरन्ट व्हाइस’ म्हणजे मालाच्या अंगचीच खोट. 1963च्या सागरी विमा कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर अशा खोटीची भरपाई कंपनीवर येत नाही.

हापूसचा साका घ्या. साल सोनेरी, वास चोख, दाबून कळत नाही. कापल्यावर बाठ्याभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. तोडलेलं फळ तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं की साका वाढतो. पेटीला बाहेरून काहीच झालेलं नसतं, म्हणून ही अंगची खोट. तोच आंबा कंटेनरमध्ये समुद्राचं पाणी शिरून सडला, तर कारण बाहेरचं. बोट उशिरा पोचून सडला, तर मात्र ती खोटही नाही आणि अपघातही नाही; उशिराचं नुकसान त्याच कलमात वेगळं वगळलेलं आहे.

म्हणून दाव्यात ‘आंबा खराब झाला’ असं मोघम लिहू नये. ओल्या पेट्या आणि कोरड्या पेट्या आधी वेगळ्या रचाव्यात, मोजाव्यात, दोन्ही ढिगांचे फोटो काढावेत, मगच फळं कापावीत. कोरड्या पेटीतला साका ओल्या ढिगात मिसळला, की नुकसान तपासायला आलेल्या सर्वेअरला सगळ्याच ढिगावर अंगची खोट लिहायला वाव मिळतो.