व्यवसाय नीतिशास्त्र : महाविद्यालयीन अध्यापन

व्यापार, उद्योग व सेवा या क्षेत्रांतील निर्णय नैतिकदृष्ट्या योग्य की अयोग्य हे कोणत्या निकषांवर ठरवावे, याचा विचार करणारी उपयोजित नीतिशास्त्राची शाखा. वाणिज्य व व्यवस्थापन या विद्याशाखांच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ती कधी स्वतंत्र विषय म्हणून, तर कधी दुसऱ्या एखाद्या विषयाचा भाग म्हणून शिकवली जाते. प्रस्तुत नोंदीत तिच्या तात्त्विक आशयापेक्षा ती महाविद्यालयात कशी आली आणि तेथे कशी शिकवली जाते, याचा मुख्यतः विचार केला आहे.

संज्ञा : मराठीत या विषयाचे एकच नाव रूढ झालेले नाही. ‘व्यवसाय नीतिशास्त्र’, ‘व्यावसायिक नीतिमत्ता’, ‘व्यावसायिक नीतिमूल्ये’ हे तिन्ही शब्दप्रयोग आढळतात आणि पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः नीतिमत्ता हा वर्तनाचा गुण आहे, तर नीतिशास्त्र ही त्या वर्तनाची चिकित्सा आहे. विषयाचे नाव म्हणून ‘नीतिशास्त्र’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. अडचण ‘व्यवसाय’ या शब्दाचीही आहे. डॉक्टर, वकील, अभियंता यांचा पेशा आणि नफ्यासाठी चालवलेला धंदा या दोहोंना मराठीत व्यवसायच म्हणतात. पेशाच्या नीतीला नोंदणी करणाऱ्या परिषदेची आचारसंहिता आणि सनद रद्द होण्याची भीती यांचा आधार असतो. धंद्याला अशी परिषद नाही. दुकान काढायला कोणती शपथ घ्यावी लागत नाही. हा भेद वर्गात सुरुवातीलाच स्पष्ट केला नाही, तर पुढील चर्चा भरकटते.

‘नीती’ या शब्दाची परंपरा याहून गुंतागुंतीची आहे. राजनीती, युद्धनीती, कूटनीती या समासांत तो धोरण किंवा डावपेच या अर्थाने येतो. पंचतंत्र स्वतःला नीतिशास्त्र म्हणवते, तेव्हा तेथे व्यवहारचातुर्य व राज्यकारभाराची जाण अभिप्रेत असते. शुद्ध नैतिक चिकित्सा हा आजचा अर्थ या शब्दाला बऱ्याच उशिरा, बहुधा इंग्रजी शिक्षणाच्या काळात, चिकटला असावा. बोलीभाषेत मात्र हा विषय नावाशिवायही वावरत होता. सचोटी, शब्दाला जागणे, ‘मापात पाप नको’ आणि विशेषतः ‘पत’ हे शब्द पाहावेत. पत म्हणजे उधारी मिळण्याची पात्रता आणि पत म्हणजे अब्रूही. या एका शब्दात आर्थिक व नैतिक मूल्यमापन जितके एकजीव झाले आहे, तितके पाठ्यपुस्तकांतील कोणत्याही पारिभाषिक संज्ञेत झालेले नाही.

उगमाचा प्रश्न : विद्यापीठीय विषय म्हणून व्यवसाय नीतिशास्त्राचा आरंभ कधी झाला, याबद्दल दोन मते आहेत. रिचर्ड डी जॉर्ज आणि त्यांच्या पिढीतील अमेरिकन तत्त्वज्ञांच्या मते हे क्षेत्र १९७० नंतरच्या दशकात जन्मले. त्यापूर्वी व्यापारातील नीतीबद्दल धर्मोपदेशक, अर्थशास्त्रज्ञ व उद्योगपती बोलत होते, परंतु सिद्धांत, नियतकालिके आणि परिषदा असलेली ज्ञानशाखा अस्तित्वात नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १९७४ साली कॅन्सस विद्यापीठात भरलेली परिषद ही या मांडणीतील सोयीची आरंभखूण होय.

समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल अबेंड यांनी २०१३ मध्ये हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांनी १९०२ ते १९३६ या काळातील विद्यापीठीय कागदपत्रे तपासली. १९०२ मध्ये कॅलिफोर्नियातील व्यापारी हॅरिस वाइनस्टॉक यांनी बर्कली येथील विद्यापीठाला ‘व्यापाराची नीती’ या विषयावरील व्याख्यानांसाठी देणगी दिली आणि व्याख्यानमालेला आपली पत्नी बार्बरा यांचे नाव दिले. येल विद्यापीठात १९०८ च्या सुमारास याच स्वरूपाची पेज व्याख्यानमाला झाली. पुढे १९२० नंतरच्या दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्हॉटर प्रतिष्ठानाच्या व्याख्यानांची भर पडली. हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयात (स्थापना १९०८) कार्ल टॉइश यांनी १९२८ पासून काही वर्षे व्यवसाय नीतिशास्त्राचा ऐच्छिक अभ्यासक्रम शिकवला. १९३०–४० या दशकाच्या मध्यास तो बंद पडला.

या हालचालींमागचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. वॉर्टन हे अमेरिकन व्यवसाय विद्यालय १८८१ मध्ये निघाले, बर्कलीचे वाणिज्य महाविद्यालय १८९८ मध्ये. आणि नफा कमावण्याचे शिक्षण विद्यापीठाच्या उंबरठ्याच्या आत का घ्यावे, असा प्रश्न तेथील जुन्या विद्याशाखा उघडपणे विचारत होत्या. वैद्यक आणि विधी यांच्याप्रमाणे व्यापार हाही समाजाच्या सेवेचा पेशा होऊ शकतो, असे दाखवणे नव्या विद्यालयांना भाग होते. नीतीवरील व्याख्याने हे त्याचे एक साधन होते. अबेंड यांचा पुरावा पाहता ‘१९७० पूर्वी काही नव्हते’ हे विधान टिकणे कठीण दिसते. मात्र या आरंभीच्या प्रयत्नांतून अखंड परंपरा निर्माण झाली नाही, इतके डी जॉर्ज यांच्या बाजूने मान्य करावे लागते.

भारतीय लेखनात उगम कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत मागे नेण्याची प्रथा आहे. आर. शामशास्त्री यांना या ग्रंथाचे हस्तलिखित १९०५ मध्ये मिळाले आणि १९०९ मध्ये त्यांनी तो छापला. त्याची मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास (३ भाग, १९६०–६५) ही र. पं. कंगले यांची कामगिरी असून ती जगभरच्या अभ्यासकांना आजही आधारभूत वाटते. ग्रंथ इ. स. पू. चौथ्या शतकातील मौर्यमंत्र्याचा आहे, या परंपरागत मताकडे कंगले यांचा कल होता. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये शब्दयोजनेच्या सांख्यिकीय तपासणीवरून तो एकहाती नसल्याचे प्रतिपादन केले. पॅट्रिक ऑलिव्हेल हे आजच्या स्वरूपातील ग्रंथ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत आणतात. अलीकडे अभ्यासकांचा झुकाव या उत्तरकालीन मताकडे आहे.

कालनिर्णयापेक्षा येथे महत्त्वाचा प्रश्न ग्रंथातील मजकुराच्या स्वरूपाचा आहे. चौथ्या अधिकरणातील (खंडातील) ‘वैदेहकरक्षण’ हे प्रकरण वजने-मापे, भेसळ आणि संगनमताने भाव पाडणे वा चढवणे यांवर दंड सांगते. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० इतक्याच नफ्याला मुभा देते. ‘वैदेहकरक्षण’ याचा अर्थ व्यापाऱ्यांचे रक्षण नसून व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण, आणि अधिकरणाचे नाव ‘कंटकशोधन’, म्हणजे समाजकंटकांचा बंदोबस्त, असे आहे. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसा पैसा हाताळणारा अधिकारी तो केव्हा खातो हे कळत नाही, हे प्रसिद्ध वचन दुसऱ्या अधिकरणातले. हे सर्व राज्यसंस्थेच्या देखरेखीचे शास्त्र आहे. व्यापाऱ्याने स्वतःशी कोणता विचार करावा, याचे ते विवेचन नाही. म्हणून त्यास व्यवसाय-नियमनाचा पूर्वज म्हणणे अधिक योग्य. नीतीविना व्यापार हे सात सामाजिक पापांपैकी एक मानणारी यादी महात्मा गांधींनी २२ ऑक्टोबर १९२५ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध केली. ती यादी आणि धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी ही त्यांची विश्वस्तवृत्तीची कल्पना यांत मात्र व्यापाऱ्याच्या सदसद्‌विवेकालाच हाक आहे.

१९७० नंतर : मिल्टन फ्रीडमन यांनी सप्टेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत लेख लिहून कायद्याच्या व रूढ नैतिकतेच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असे मांडले. लॉकहीड कंपनीच्या परदेशांतील लाचप्रकरणानंतर १९७७ मध्ये अमेरिकेने परदेशी लाचखोरीविरोधी कायदा केला. १९८० मध्ये या विषयाच्या अभ्यासकांची संघटना, १९८२ मध्ये पहिले मोठे नियतकालिक आणि १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमन यांची हितसंबंधीयांची उपपत्ती आली; कंपनीने केवळ भागधारकांचाच नव्हे, तर कामगार, ग्राहक, पुरवठादार अशा सर्व संबंधितांचा विचार करावा, असे ती सांगते. भागधारक व हितसंबंधी या दोन शब्दांतील तणाव हा आज बहुतेक अभ्यासक्रमांचा कणा आहे.

अध्यापनपद्धती : सर्वसाधारण क्रम ठरलेला आहे. आरंभी बेंथम व मिल यांचा उपयुक्ततावाद (कृतीची योग्यता तिच्या एकूण हितकारक परिणामांवरून ठरवणारा), कांटचा कर्तव्यवाद (परिणामांपेक्षा कर्तव्याला महत्त्व देणारा) व ॲरिस्टॉटलची सद्‌गुणमीमांसा (माणसाच्या चारित्र्यावर भर देणारी), आणि मग प्रत्यक्ष प्रकरणे. प्रकरणपद्धतीचे बळ व धोका दोन्ही फोर्ड पिंटोच्या प्रकरणात दिसतात. १९७० च्या सप्टेंबरात विक्रीस आलेल्या या लहान मोटारीची इंधनटाकी मागून धडक बसल्यास पेट घेण्याचा धोका होता. १९७७ मध्ये एका अमेरिकन मासिकाने कंपनीचे अंतर्गत टिपण उजेडात आणले. त्यात १८० मृत्यू प्रत्येकी २ लाख डॉलर, १८० गंभीर भाजण्याच्या इजा प्रत्येकी ६७ हजार व २,१०० जळालेल्या गाड्या प्रत्येकी ७०० डॉलर धरून हानी ४.९५ कोटी डॉलर काढली होती, उलट १.२५ कोटी वाहनांवर प्रत्येकी ११ डॉलर खर्च केल्यास १३.७५ कोटी लागले असते. उपयुक्ततावादाची मर्यादा दाखवण्यास याहून चपखल उदाहरण नाही, म्हणून ते पाठ्यपुस्तकांतून जगभर गेले.

परंतु विधिज्ञ गॅरी श्वार्ट्झ यांनी १९९१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे हे टिपण पिंटोविषयी नव्हतेच. ते १९७३ चे, म्हणजे पिंटो बाजारात आल्यानंतरचे. त्यात अमेरिकेतील सर्व कंपन्यांच्या मोटारी व हलके मालट्रक हिशेबात धरले होते. विषय गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीचा होता, मागच्या धडकेचा नव्हे. आणि मानवी जीविताचा आकडा शासकीय सुरक्षा यंत्रणेच्याच अंदाजावरून घेतला होता. यामुळे टाकीच्या रचनेतील दोषाबद्दल कंपनी निर्दोष ठरत नाही. तरीही, कागद न वाचता निवाडा देण्याची सवय लावणारा तास नीतीचा तास म्हणता येणार नाही. प्रकरण शिकवताना मूळ कागद विद्यार्थ्यांच्या हाती देणे हे या विषयात इतर कोणत्याही विषयापेक्षा अधिक आवश्यक आहे.

स्वतंत्र विषय असावा, की विपणन, वित्त, लेखाकर्म या प्रत्येक विषयात नीतीचा भाग असावा, हा वाद जुना आहे. एन्‍रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या हिशेबांतील घोटाळ्यानंतर डायान स्वॉन्सन व विल्यम फ्रेडरिक यांनी स्वतंत्र सक्तीच्या विषयाचा आग्रह धरला. अधिस्वीकृती देणाऱ्या एएसीएसबी या संस्थेने निवड विद्यालयांवर सोडली. ‘सर्वांत मिसळावे’ म्हणजे व्यवहारात कोणीच शिकवू नये असे होण्याचा संभव अधिक, हे स्वतंत्र विषयाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे अनुभवाला धरून आहे. हार्वर्डने २००४ मध्ये या आशयाचा पूर्ण विषय आवश्यक केला.

भारतात : मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय (१९१३) हे आशियातील आद्य वाणिज्य महाविद्यालयांत गणले जाते; तथापि वाणिज्य शिक्षणात नीती दीर्घकाळ व्यापारी कायद्याच्या छायेत राहिली. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या जेझुइट संस्थेत १९९१ मध्ये जे. आर. डी. टाटा यांच्या नावाने व्यवसाय नीतिशास्त्र प्रतिष्ठान स्थापन झाले. कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत एस. के. चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये मानवी मूल्यांसाठीचे केंद्र निघाले. चक्रवर्ती यांचा भर वेदान्तावर आधारित चित्तशुद्धीवर होता. हा मार्ग व्यक्तीला स्पर्श करतो, पण संस्थेची रचना, प्रोत्साहनभत्ते आणि संचालक मंडळाचे मौन यांचे विश्लेषण करण्यास तो अपुरा पडतो.

१९९२ चा रोखे घोटाळा, सेबी या रोखेबाजाराच्या नियामक संस्थेची कुमारमंगलम बिर्ला समिती (१९९९) आणि सत्यम या संगणक-सेवा कंपनीचे प्रकरण यांनी अभ्यासक्रमाचे केंद्र कंपन्यांच्या सुशासनाकडे सरकवले. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वात नसल्याचे कबूल केले. त्याच्या काही महिनेच आधी कंपनीला सुशासनाचा सुवर्ण मयूर पुरस्कार मिळाला होता, हा तपशील वर्गात अवश्य सांगावा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. तेव्हापासून हे कलम परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांत वाढत गेले आणि नफा कसा मिळवला हा प्रश्न, तो कसा वाटला या प्रश्नामागे झाकला गेला. मुंबई विद्यापीठाच्या एम. कॉम. अभ्यासक्रमातील विषयाच्या नावातही नीतिशास्त्र व सामाजिक उत्तरदायित्व जोडीने आले. सनदी लेखापालांच्या परीक्षेत नीती काही काळ कायदा व संज्ञापन यांच्यासह एकाच पत्रिकेत होती.

मराठी माध्यमातील वर्गासाठी जवळची प्रकरणे भरपूर आहेत. नागरी सहकारी बँकांचे आणि सहकारी साखर कारखान्यांचे कारभार हे त्यांपैकी ठळक. तेथे सभासद, ठेवीदार व संचालक ही नाती खाजगी कंपनीहून वेगळी असल्याने परदेशी पुस्तकांतील भागधारकाची चौकट त्यांना नीट लागू पडत नाही. त्याहून जुने प्रकरण दख्खनच्या दंग्यांचे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि लोण आसपासच्या गावांत पसरले. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. सही-अंगठा खरा असला तरी व्यवहार न्याय्य होता का, हे आता पाहता येऊ लागले.